ग्रीष्मातील लिंबू-पानक : तृष्णाशामक की तृष्णाकर?

चैत्र उजाडला की लग्नमुंजी, चैत्रगौरीची हळदीकुंकवे, गावोगावच्या जत्रा आणि स्नेहसंमेलने यांना आरंभ होतो, आणि आपल्या चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, घरी कार्य आहे, पाहुण्यांसाठी सरबत कोणते ठेवावे?" प्रश्न साधा असल्याने आपण बहुधा "लिंबाचे ठेवा" असे सांगून पुढच्या रुग्णाकडे वळतो. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि वैद्याने दिलेले उत्तर अपुरे असू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले. तेव्हापासून उन्हाळी समारंभात पाहुण्यांना काय, किती आणि केव्हा प्यावयास द्यावे हा विषय केवळ आतिथ्याचा राहिलेला नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम शास्त्र पाहू. चरकाचार्यांनी ग्रीष्मचर्येत मधुर, शीत, द्रव आणि स्निग्ध अन्नपान सांगितले असून लवण, अम्ल, कटु आणि उष्ण यांचा त्याग अथवा अल्प सेवन सुचविले आहे. आता आपल्या नित्याच्या लिंबू सरबताकडे पाहावे. त्यात लिंबू म्हणजे अम्ल, मीठ अथवा पादेलोण म्हणजे लवण, आणि वर जिरे-मिऱ्याची पूड म्हणजे कटु. ग्रीष्मात जे तीन रस आवरावयाचे, तेच तिन्ही एका पेल्यात! एवढ्यावरच हे थांबत नाही. रसांच्या अतियोगाची लक्षणे सांगताना अम्ल आणि लवण या दोन्ही रसांच्या बाबतीत तृष्णा वाढते असे चरकसंहितेत म्हटले आहे, तर तृष्णा व दाह यांचे शमन हा मधुर रसाचा गुण सांगितला आहे. आंबटखारट सरबताचे दोन पेले रिचवूनही पाहुणा पुन्हा पाण्याच्या पिंपाकडे वळतो, त्याचे कारण येथे सापडते.

मग लिंबाचे पानक शास्त्रसंमत नाही काय? आहे, पण कशासाठी, हे पाहावे लागते. भावप्रकाशात कृतान्नवर्गामध्ये लिंबाच्या पानकाचा पाठ आहे. लिंबाचा रस एक भाग, शर्करोदक सहा भाग, आणि त्यात लवंग व मिरे. भावमिश्रांनी त्याचे गुण सांगताना ते अत्यंत अम्ल, वातनाशक, अग्निदीपक, रुचिकर व सर्व प्रकारच्या आहाराचे पाचन करणारे असल्याचे म्हटले आहे. या गुणांत तृष्णाशमन नाही, दाहशमनही नाही. म्हणजे हे पानक पंगतीच्या बरोबरीने घ्यावयाचे पाचक आहे. लाडू-जिलबीच्या जेवणावर त्याची छोटी वाटी अगदी युक्त आहे. उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती पहिला पेला म्हणून मात्र नाही. त्याच वर्गातील कच्च्या आंब्याचे प्रपानक, म्हणजे आपले पन्हे, पाहावे. कैरी पाण्यात शिजवून, हाताने चांगली कुस्करून, साखर व थंड पाणी घालून केलेल्या या पानकास तत्काळ रुची देणारे, बल्य आणि इंद्रियांचे शीघ्र तर्पण करणारे म्हटले आहे. दोन्ही 'पानके' खरी, तथापि त्यांचे कार्यक्षेत्र वेगळे. चैत्रगौरीपुढे लिंबू सरबताऐवजी पन्हेच का ठेवले जाते, याचे उत्तर परंपरेने आपल्या परीने देऊन ठेवलेलेच आहे.

याच धाग्याने चरकोक्त महाकषायांकडे गेल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. हृद्य गणात आम्र, करमर्द, वृक्षाम्ल, बदर, दाडिम, मातुलुंग अशी फळेच फळे आहेत. कोकणातील एखाद्या घरची सरबतांची मांडणी वाचावी तसा हा गण वाचता येतो. श्रमहर गणात द्राक्षा, खर्जूर, दाडिम, परूषक (फालसा) आणि इक्षु आहेत. परंतु तृष्णानिग्रहण गण उघडावा, तर त्यात एकही आंबट फळ नाही! तेथे धान्यक, मुस्ता, पर्पटक, चंदन, ह्रीबेर ही मंडळी आहेत. दाहप्रशमन गणात उशीर, सारिवा, लाजा, काश्मर्यफल यांच्या सोबतीने चक्क शर्करा आहे. फळ मनाला आणि जिभेला प्रसन्न करते, श्रम हरते. तहान व दाह शमविण्याचे काम मात्र धने, वाळा आणि साखर करतात. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, समारंभातील सरबतात फळ आणि लिंबू रुचीपुरते असावे आणि ज्या पाण्यात ते मिसळावयाचे ते पाणीच तृष्णाघ्न द्रव्यांनी सिद्ध केलेले असावे. वाग्भटांनी ग्रीष्मचर्येत पंचसार पानक सांगितले. द्राक्षा, मधूक, खर्जूर, काश्मर्य आणि परूषक ही त्यातील पाच द्रव्ये बहुशः मधुर, आणि ते 'साम्ल' म्हणजे किंचित अम्लासह घ्यावयाचे, नव्या मातीच्या भांड्यात थंड केलेले. अम्लास प्रवेश आहे, पण पाहुणा म्हणून, यजमानपण मधुराचेच.

फळ कोणते निवडावे? अम्ल द्रव्य प्रायः पित्तकर असते, त्याला डाळिंब आणि आवळा हे अपवाद, हा चरकाचा नियम सर्व वैद्यांस पाठ आहे. ताजा आवळा उन्हाळ्यात मिळत नाही. डाळिंब मात्र हस्त बहाराचे, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाजारात असते. सोलापूरकरांस हे सांगणे नको. त्याला काळ्या मनुकांची जोड दिली की श्रमहर गणातील दोन द्रव्ये एकत्र येतात आणि साखर कमी लागते. कलिंगडाचा रस आम्ही सहसा मोठ्या समारंभासाठी सुचवीत नाही. तो लवकर बिघडतो आणि कापून ठेवलेल्या फळावर माशा बसतात. अननस काहींच्या घशाला लागतो. कोकणात आमसुले उत्तमच, परंतु त्यांत मीठ आधीच मुरलेले असते हे लक्षात ठेवून वेगळे मीठ घालू नये.

आता प्रत्यक्ष कृती. आम्ही येथे पन्नास माणसांसाठी, दोनशे मि.ली.च्या दीड पेल्याच्या हिशेबाने, १५ लिटरचे प्रमाण देत आहोत; ते घरोघरी सांगून पाहिलेले आहे.

शार्ङ्गधरांनी पानीय कल्पनेसाठी द्रव्याच्या चौसष्टपट पाणी घेऊन अर्धे आटविण्यास सांगितले आहे. आपल्याला औषध नव्हे, पेय करावयाचे आहे. म्हणून आम्ही चौसष्टपटीचा हिशेब ठेवतो, आटविणे सोडतो. साडेबारा लिटर पाण्यात २०० ग्रॅम भरड धने घालून, पाणी खळखळून उकळू लागल्यावर दहा मिनिटे उकळावे. उतरवताक्षणी त्यात चांगला धुतलेला ४० ग्रॅम वाळा स्वच्छ मलमलीच्या पुरचुंडीत बांधून सोडावा आणि भांडे झाकून ठेवावे. वाळा उकळू नये, त्याचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो. हा फांट विधी झाला. याच गरम पाण्यात ७०० ग्रॅम खडीसाखर विरघळवून घ्यावी. ही कृती आदल्या रात्री करावी म्हणजे सकाळपर्यंत पाणी आपोआप निवते. सकाळी गाळून ते धुतलेल्या माठात भरावे.

या विधीचा आम्हांस वाटणारा सर्वांत मोठा लाभ द्रव्यगुणाचा नाही. समारंभातील सरबताचे सर्व पाणी त्यामुळे उकळले जाते. उन्हाळ्यातील जुलाब-उलट्यांची जी कुटुंबेच्या कुटुंबे आपल्याकडे येतात, त्यांच्या इतिवृत्तात लग्नाचे जेवण निघते आणि दोष श्रीखंडावर जातो; सरबताचे पाणी आणि त्यातील बर्फ यांची चौकशी कोणी करीत नाही. लिंबाच्या आम्लतेने पाणी शुद्ध होते हा समज रुग्णांत फार आहे. पेल्याच्या प्रमाणात विरळ झालेल्या लिंबूरसावर तसा भरवसा ठेवता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. बर्फाविषयीही तसेच. खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. तेव्हा निळसर लादी सरबतात पडणार नाही हे यजमानांनी पाहावे. पांढऱ्या बर्फाच्या शुद्धतेचीही हमी नसतेच. त्यापेक्षा भांडेच बर्फात ठेवावे, बर्फ सरबतात टाकू नये. मातीच्या माठाचा गारवा तर सर्वांत चांगला. उन्हातून आलेल्याने एकदम अतिशीत पेय घेऊ नये हा आपला नियमही त्याने पाळला जातो.

फळांचे पुढीलप्रमाणे. सुमारे चार किलो डाळिंबांचे दाणे काढून, हाताने अथवा यंत्रात हलकेच फिरवून, दीड लिटर रस गाळून घ्यावा. बिया भरडल्या गेल्यास रस तुरट व कडवट होतो. काळ्या मनुका ४०० ग्रॅम धुऊन उकळलेल्याच पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी कुस्करून गाळाव्यात. कागदी लिंबे चाळीस. त्यांचा सहाशे ते आठशे मि.ली. रस निघतो. हा रस शेवटी, पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी घालावा. साल व बी यांसह दाबून पिळलेला रस काही तासांत कडू होत जातो, म्हणून लिंबू हलक्या हाताने पिळावे आणि बिया तत्काळ गाळाव्यात. सैंधव १५ ग्रॅम, म्हणजे लिटरला एक ग्रॅम, एवढेच. लवंगा दहा-बारा व मिरे ५ ग्रॅम, ताजे कुटून. शेवटची दोन द्रव्ये भावमिश्रांची, आणि ती अनाठायी नाहीत. पंचांगाने चैत्र-वैशाख हा वसंत, कफप्रकोपाचा काळ. घामाने मात्र तो ग्रीष्म वाटतो. ऋतुसंधीत पंचांगापेक्षा ऋतुलक्षण पाहावे हे खरे, तरी कफप्रकृतीच्या पाहुण्यांसाठी मिरीचा आधार राहू द्यावा. वैशाख सरल्यावर मिरे निम्मे करावेत.

या पानकात फळांतील व खडीसाखरेची मिळून पेल्यामागे सुमारे पंधरा ग्रॅम साखर येते. बाजारातील गाढ सरबताच्या पन्नास मि.ली.मध्ये चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, आणि शक्य तर पाच टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढांस दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, ठेवण्याचा सल्ला दिला आहे. मधुर रस तृष्णाशामक म्हणून तो वाढवीत नेला तर पेय गुरू होते, आतड्यात शोषले जाण्यास वेळ लागतो आणि कफ व क्लेद वाढतो. शास्त्राने 'मधुर' म्हटले, 'अतिमधुर' नव्हे.

दोन गोष्टी आम्ही या पानकातून कटाक्षाने वगळल्या आहेत. एक मध. अलीकडे साखरेऐवजी मध घातलेले लिंबूपाणी आरोग्यदायी म्हणून समारंभात मिरवते. उष्णतेने पीडित मनुष्यास, उष्ण काळात आणि उष्ण द्रव्यांसह मध देऊ नये, असा वाग्भटांचा स्पष्ट निषेध आहे. वैशाखात दुपारी मंडपाखाली बसलेला पाहुणा उष्णार्त नाही तर कोण? दुसरी कापूर. पानक कर्पूरवासित असावे असे ग्रंथांत आहे, परंतु घरी 'कापूर' म्हटले की देव्हाऱ्यातील वडी हाती येते. ती पोटात जाणे लहान मुलांस झटके आणणारे ठरू शकते. ज्या पेल्याला मुलांचे हात लागणार त्यात कोणताच कापूर नको. सुगंधाचे काम वाळा करतो.

भांड्यांविषयी एक वाक्य पुरे व्हावे, पण पुरत नाही. जुनी पितळी पिंपे व तांब्याचे हंडे हल्ली समारंभात शोभेसाठी पुन्हा दिसू लागले आहेत. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट पेय तासभरही राहिले तर तांबे उतरते; मळमळ, उलटी, पोटात कळ अशी लक्षणे एकाच वेळी अनेकांत दिसतात आणि अन्नविषबाधेचा संशय येतो. कल्हईवाले दुर्मीळ झाले आहेत, तेव्हा माती, काच किंवा स्टील हेच खरे. ॲल्युमिनियमही टाळावे.

पाहुण्यांमध्ये आपले रुग्ण असतात, हे यजमानास ठाऊक नसते, आपल्याला असते. मधुमेहींसाठी तीन लिटरचे वेगळे भांडे ठेवण्यास सांगावे. त्यात धने-वाळ्याचे पाणी, लिंबू, किंचित सैंधव आणि मिरे, पण साखर, मनुका व डाळिंबरस नाही. इन्सुलिन अथवा साखर उतरविणारी औषधे घेऊन जेवणाला उशीर झालेल्या मधुमेहीस घाम, कंप, भोवळ जाणवल्यास मात्र नेमके उलट करावे लागते. त्याला गोड पेलाच द्यावा, आणि हे त्याच्या घरच्यांस आधीच सांगून ठेवावे. रक्तदाबाच्या रुग्णास पादेलोण 'औषधी' वाटते. मिठाचा एक चमचा पाच-सहा ग्रॅमचा, आणि दिवसाची एकूण मर्यादा पाच ग्रॅमखाली, हे गणित त्यास समजावून द्यावे. वृक्काचे विकार किंवा हृदयदौर्बल्य असून ज्यांचे पाणी मोजून ठरविलेले आहे, त्यांनी पेला त्या मोजात धरावा. वृक्करोग्यांनी फळांचे रस आणि शहाळे यांतील पोटॅशियमचाही विचार करावा. अम्लपित्ताच्या रुग्णास रिकाम्या पोटी लिंबू नको. त्याला धने-वाळ्याचे पाणी व मनुका एवढेच द्यावे. जेवणात बासुंदी, आइस्क्रीम अथवा दुधाचे अन्य पक्वान्न असल्यास आंबट सरबत त्यालगत ठेवू नये. दूध व अम्ल फळे यांचा विरोध आपण इतरांस सांगतो आणि आपल्याच घरच्या कार्यात विसरतो.

सरबताची मर्यादाही सांगितली पाहिजे. जुलाब-उलट्या होत असलेल्यास हे पानक जलसंजीवनीच्या जागी देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सुधारित सूत्रात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. आपल्या पेल्यात साखर त्याहून पुष्कळ अधिक आणि मीठ फारच कमी आहे. तसेच उन्हात कोसळलेला, बरळणारा, अंग भाजत असलेला मनुष्य दिसला तर त्याच्या तोंडात सरबत ओतू नये. तो उष्माघात आहे. शुद्ध हरपलेल्याच्या श्वासनलिकेत द्रव जाण्याचा धोका असतो. त्यास सावलीत आणून, कपडे सैल करून, अंगावर पाणी मारून वारा घालावा, काखेत व जांघेत गार पट्ट्या ठेवाव्यात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे सारे पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असणाऱ्या स्वयंसेवकांस कार्यक्रमाआधी सांगावे, नंतर नव्हे.

औषधालयचालक मित्रांसाठी थोडेसे. उन्हाळ्यात आपल्या फळीवर रंगीत बाटल्या वाढतात. त्यांतील कित्येकांत फळाचा अंश नाममात्र, रंग व सुवास मात्र भरपूर. घटकांची यादी वाचूनच माल घ्यावा. त्यापेक्षा आम्ही कोरड्या पुडीचा पर्याय सुचवितो. भरड धने २०० ग्रॅम, वाळा ४० ग्रॅम, लवंगा व मिरे वेगळ्या लहान पुडीत. यात पाण्याचा अंश नसल्याने परिरक्षक लागत नाही, आणि गिऱ्हाईकास फक्त साखर, लिंबे व फळे आणावी लागतात. वाळा घेताना तो वनौषधींच्या व्यापाऱ्याकडूनच घ्यावा. कूलरच्या जाळीसाठी येणारा वाळा पोटात घेण्याजोगा नसतो, आणि तेल काढून घेतलेली मुळेही बाजारात येतात. ओल्या हाताने चोळून ज्याला गंध येत नाही तो परत करावा. अशी पुडी औषध म्हणून नव्हे तर अन्न म्हणून विकली जाते, त्यामुळे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी अथवा परवाना लागतो. ग्रंथोक्त पाठाचा उल्लेख करून 'आयुर्वेद आहार' म्हणून विकावयाची असल्यास २०२२ चे स्वतंत्र विनियम पाहावेत. पुडीवर 'उष्माघातापासून संरक्षण' असे काही छापण्याचा मोह टाळावा. पुडीबरोबर एक चिठ्ठी अवश्य द्यावी आणि तीत ठळक अक्षरांत चार गोष्टी असाव्यात : पाणी दहा मिनिटे उकळावे, बर्फ आत टाकू नये, लिंबाचा रस शेवटी घालावा, आणि तयार पानक तीन-चार तासांत संपवून उरलेले टाकून द्यावे.